गुडघा बरा झाला, भीती तेवढी राहिली

आमच्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. त्या चढायला कुणाला किती वेळ लागतो, यावरून आत बसल्या बसल्या मला निम्मे निदान करता येते. गेल्या वर्षी आषाढात ६२ वर्षांच्या एक बाई एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला सून अशा आधाराने त्या पायऱ्या चढल्या. उजवा पाय काठीसारखा ताठ. तो बाजूने फिरवून पुढे टाकायचा, मग डावा ओढून आणायचा. गुडघ्याचा सांधा बदलून पाच आठवडे झाले होते. आपण त्यांना मामी म्हणू.

मी जखम पाहिली. टाके केव्हाच निघालेले, व्रण स्वच्छ भरलेला. ताप नाही, पोटरीला सूज नाही. एक्स-रेमध्ये सांधा अगदी जागच्या जागी. सर्जनने आपले काम चोख केले होते. मग मी पाय वाकवायला सांगितला. जेमतेम ५० अंशांवर मामींनी माझे मनगट घट्ट धरले.

"नको डॉक्टर, आतलं सुटंल."

"काय सुटेल?"

"ते बसवलेलं."

हे कुणी सांगितले, अशी चौकशी केली. शेजारच्या आळीत कुणाची तरी 'वाटी सरकली' होती म्हणे. भाच्याने मोबाईलवर काहीतरी दाखवले होते. आणि शेवटी मामी म्हणाल्या, "तुम्हीच नाही का म्हणालात, जपून राहा म्हणून?"

आठवले. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी त्यांचे ब्लडप्रेशर बघायला मी घरी गेलो होतो. निघताना दारातून म्हणालो होतो, "मामी, आता जरा जपून हं." आपण सगळेच म्हणतो तसे. मी ते नमस्कार-चमत्कारासारखे बोलून गेलो, त्यांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखे पाळले. त्या दिवसापासून मामी कॉटवरून फक्त संडास-बाथरूमपुरत्या उठत होत्या, तेही पाय ताठ ठेवून. आजचा लेख लिहायला घेतला तो या एका शब्दामुळे.

शहरातल्या सर्जनला फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "तीन आठवडे वाट पाहू. तेवढ्यात वाकला नाही तर भूल देऊन वाकवावा लागेल. फार उशीर करता येत नाही, आत चिकटलेले पक्के होत जाते." म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा दवाखाना, पुन्हा खर्च. हे ऐकून मामींचा चेहरा उतरला. कमी होण्याऐवजी भीती दुप्पट झाली.

हे ढोंग नव्हे

अशा रुग्णाला घरचे लोक काय म्हणतात हे मी रोज ऐकतो. 'मनाने घेतलंय', 'कष्टाची सवय नाही', 'फार नाजूक'. तसे नसते. हालचालीच्या या भीतीला वैद्यकात किनेसिओफोबिया असे नाव आहे. ग्रीक भाषेत किनेसिस म्हणजे हालचाल आणि फोबोस म्हणजे भीती. कोरी, मिलर आणि टॉड या तिघांनी १९९० मध्ये हा शब्द वेदनेच्या अभ्यासात आणला. पुढे ती भीती मोजण्यासाठी १७ विधानांची एक प्रश्नावलीही तयार झाली. भूतबाधा जशी नाही, तसे हे नाटकही नाही.

गाडी रुळावरून घसरते ती अशी. ऑपरेशननंतर हालचाल केली की दुखते. दुखले म्हणजे आत काहीतरी बिघडले, असा अर्थ मन लावते. मग हालचाल टाळली जाते. टाळल्याने सांधा आखडतो, मांडी गळते. पुढच्या वेळी तीच हालचाल आणखी दुखते आणि मन म्हणते, बघ, मी सांगत होतो ना! मामींच्या बाबतीत पाच आठवडे हेच चालले होते.

यात मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सांधा बदलल्यानंतर पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटते. त्याचे कारण केवळ चाकू लागला हे नाही. सुजलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, ते या स्नायूला दाबून ठेवतात. धडधाकट माणसाच्या गुडघ्यात नुसते थोडे सलाईन टोचले तरी त्याची मांडी ढिली पडते, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणून रुग्णाला वाटते, 'हा पाय माझा नाही', 'गुडघा दगा देतोय'. तो समजतो सांधा सुटला. वास्तविक सांधा पक्का असतो, मांडी झोपलेली असते. आणि झोपलेल्या मांडीला जागे करायचा मार्ग एकच, तिला काम देणे.

आत बसवलेले असते तरी काय?

'गुडघा बदलला' या शब्दाने मोठा घोळ घातला आहे. लोकांना वाटते, बैलगाडीचे जुने चाक काढून नवे घालावे तसा अख्खा गुडघा काढून दुसरा खोचला, आणि तो निखळू शकतो. प्रत्यक्षात हाडांच्या टोकांचा झिजलेला थर, साधारण ८ ते १० मिलिमीटर, तासून काढतात आणि त्यावर धातूचे आवरण चढवतात. दाताला कॅप बसवतात ना, तसेच. मांडीच्या हाडाच्या टोकाला बहुधा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोहोंच्या मध्ये टणक प्लास्टिकची चकती. आजूबाजूचे बरेचसे अस्थिबंध, स्नायू, कातडी आपलीच असते.

हे भाग बहुतेक वेळा ज्या सिमेंटने चिकटवतात, ते घर बांधायचे सिमेंट नव्हे. कवळी ज्या जातीच्या पदार्थाची बनते, त्याच जातीतले ते असते आणि ऑपरेशन चालू असतानाच १०-१५ मिनिटांत घट्ट होते. म्हणजे रुग्ण टेबलावरून हलतो तेव्हा तो सांधा वजन घ्यायला तयार असतो. म्हणूनच आजकाल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकर देऊन उभे करतात. तो सर्जनचा निष्ठुरपणा नव्हे.

मामींना मी आणखी एक गोष्ट सांगितली. सांधा बसवल्यावर, जखम शिवण्याआधी, सर्जन स्वतःच्या हाताने तो गुडघा वाकवून आणि सरळ करून पाहतो. "मामी, तुमचा हा गुडघा टेबलावर चांगला वाकून झालेला आहे. कमरेत भूल दिली होती, म्हणून तुम्हाला कळलं नाही एवढंच." मामी माझ्याकडे बघत राहिल्या. "खरंच?" म्हणाल्या. सर्जनने फोनवर तेच सांगितले तेव्हा विश्वास बसला. पाच आठवड्यांत त्यांना हे कुणीच सांगितले नव्हते, आणि मीही त्यातलाच.

घाबरवणाऱ्या आणखी काही गोष्टी असतात. चालताना गुडघ्यात 'टक्' असा आवाज येतो. तो धातू आणि प्लास्टिक एकमेकांना टेकल्याचा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हात लावला तर कातडी बधिर लागते. चीर घेताना तिथली बारीक नस तुटतेच, तिच्यामुळे पायाची ताकद जात नाही. गुडघा कोमट लागणे आणि संध्याकाळी सुजणे काही महिने चालू शकते. पट्टा आवळल्यासारखे वाटते, तेही हळूहळू सैल होते. यांतल्या एकाचाही अर्थ 'आतलं सुटलं' असा नाही.

आमच्याच पिढीची शिकवण

खरे सांगायचे तर विश्रांतीचे हे खूळ आम्हा डॉक्टर मंडळींनीच घराघरांत पोहोचवले. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी दुखऱ्या सांध्याला सक्त आणि दीर्घ विश्रांती द्यावी असा आग्रह धरला. क्षयाच्या सांध्यांना, मोडलेल्या हाडांना त्याचा उपयोगही झाला. आमच्या विद्यार्थिदशेत वॉर्डात सहा-सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये पडलेले रुग्ण नेहमीचे होते. पुढे टोरोंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० पासून सशांवर प्रयोग करून दाखवले की हलत्या सांध्यातली कूर्चा स्थिर ठेवलेल्या सांध्यापेक्षा चांगली भरते. त्यातून पाय आपोआप वाकवणारे यंत्र निघाले. सांधा बदलल्यावर ते यंत्र सर्वांना लावण्याने विशेष फायदा होत नाही, असे आता दिसून आले आहे. स्वतः पाय हलवणेच बरे. पण घरातली वडीलधारी माणसे अजून प्लॅस्टरच्या काळात आहेत. 'हाड जुळेपर्यंत हलू नको' हे वाक्य जिथे हाड मोडलेलेच नाही, तिथेही बोलले जाते.

पूर्वी ही शस्त्रक्रिया म्हणजे मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांची गोष्ट होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. आज आपल्या गावातही प्रत्येक गल्लीत गुडघा बदललेले कुणी ना कुणी सापडते. अडचण पुढची आहे. ऑपरेशन शहरात होते, तीन-चार दिवसांत रुग्ण घरी येतो आणि नंतरचे सगळे दोन-तीन महिने घरच्यांच्या हाती असतात. फिजिओथेरपिस्ट जवळपास असेल तर जरूर बोलवा, त्या पैशात काटकसर करू नका. आमच्याकडे ते आठवड्यातून एकदाच येत.

मामींचे तीन आठवडे

पहिली चूक औषधाची होती. 'गरम पडतात, किडनी जाते' म्हणून मामींनी दुखण्याच्या गोळ्या घरी आल्यावर चौथ्याच दिवशी बंद केल्या होत्या. दुखऱ्या पायाने व्यायाम कोण करील? सर्जनना विचारून साधी पॅरासिटामॉल पुन्हा सुरू केली आणि ती व्यायामाच्या पाऊण तास आधी घ्यायला सांगितली. इतर वेदनाशामके मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत. किडनी, अल्सर, ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी तर नाहीच. व्यायामानंतर पंचात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे.

मग त्यांना विचारले, कशाकशाची भीती वाटते? चिठ्ठीच्या पाठीमागे यादी केली. बसून पाय मागे घेणे, उंबरा ओलांडणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, न्हाणीघर, पायऱ्या उतरणे. सर्वांत कमी भीतीची गोष्ट वर, सर्वांत जास्त भीतीची खाली. वरची अंगवळणी पडल्याशिवाय खालचीला हात लावायचा नाही, असे ठरले. "आणि हे सगळं कशासाठी करायचं?" असे मी विचारले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "श्रावणी सोमवारी महादेवाला जायचंय." आमच्या महादेवाच्या देवळाला अकरा पायऱ्या आहेत. मी त्या यादीत सर्वांत खाली लिहिल्या.

मुख्य व्यायाम अगदी घरगुती. भक्कम खुर्चीत बसायचे, ऑपरेशनच्या पायाखाली कोरडे फडके ठेवायचे आणि शहाबादी फरशीवर पाऊल हळूहळू मागे सरकवायचे. जिथे थांबेल तिथे अंगठ्यापुढे नातवाने खडूने रेघ मारायची आणि तारीख लिहायची. खुर्ची रोज त्याच फरशीवर ठेवायची. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून चार वेळा. नेमलेल्या रेघेला दहा सेकंद थांबायचे आणि त्या वेळी श्वास सोडायचा. हे श्वासाचे प्रकरण बारीक वाटते, पण महत्त्वाचे आहे. घाबरलेला माणूस श्वास कोंडून, दात आवळून वाकवतो. त्याने मांडी आणखी आवळते आणि मग तो आपल्याच स्नायूशी कुस्ती खेळतो.

किती दुखलेले चालेल? शून्यापासून दहापर्यंत मोजले तर चार-पाचपर्यंतची ओढ, ताण, ठणका चालतो, मात्र तो दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पदावर यायला हवा. नाही आला किंवा सूज वाढली, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करा. बंद करू नका.

गुडघा किती वाकला म्हणजे काय जमते, हे ठाऊक असले की उमेद राहते. सपाट चालायला ६५-७० अंश लागतात, पायऱ्या चढायला ८०-८५, आणि उतरायला किंवा साध्या खुर्चीतून उठायला ९० ते १०० च्या आसपास. मामींना ५० अंशांवर चालतानाच पाय फिरवावा लागत होता, यात नवल ते काय!

वाकवण्याइतकेच सरळ होणेही मोलाचे आहे. इथे मायेनेच घात केला होता. मामा रोज रात्री बायकोच्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकवत. बरे वाटायचे, पण गुडघा तसाच अर्धवट वाकलेला आखडतो आणि पुढे लंगडणे कायमचे होऊ शकते. उशी ठेवायची तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने खाली जातो. त्यात मांडी आवळून गुडघा गादीवर पाच-पाच सेकंद दाबायचा. हा व्यायाम पडल्या पडल्या कितीही वेळा करता येतो.

घरच्यांनाही समज दिली. सून पाण्याचा पेला हातात देत होती, ते बंद केले. तांब्या स्वयंपाकघरात, तहान लागली की मामींनी वॉकर घेऊन जायचे. सुनेला ते जड गेले, कारण सासूला उठवले तर लोक काय म्हणतील हीही एक भीतीच. मुलाचा प्रकार उलटा. "लोक दुसऱ्या दिवशी जिने चढतात," असे तो ओरडे. दुसऱ्याशी तुलना करून कुणाचा गुडघा वाकल्याचे मी पाहिलेले नाही. गावातला एक मालिशवाला 'एका झटक्यात वाकवून देतो' म्हणत आला होता, त्याला परत पाठवले. जोराने वाकवल्यास इजा होऊ शकते, आणि भीती हमखास वाढते. ताज्या व्रणावर तेल आणि पोटरीवर जोराचे मालिश नकोच.

एक भीती मात्र मी खोडून काढली नाही. पडण्याची. ओल्या न्हाणीघरात पडण्याची भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय समजूत घालणे हा नाही. तिथे भिंतीला दांडी बसवली, कमोडची खुर्ची आणली, रात्री दिवा ठेवला, वाटेतली सतरंजी उचलली, मागून पट्टा असलेली चप्पल दिली. काठी चांगल्या पायाच्या हातात, हेही शिकवावे लागले. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूला धरतात. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा.

वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. हे सारे सांधा बदललेल्यांसाठी आहे. हाड मोडून पट्टी बसवली असेल, वाटी फुटली असेल, अस्थिबंध किंवा गादी शिवली असेल, तर किती वाकवायचे आणि किती वजन टाकायचे याची मर्यादा सर्जनने घातलेली असते. ती मोडू नये. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा एकाएकी दम लागला, जखमेतून स्राव आला, लाली पसरू लागली, थंडी वाजून ताप आला, किंवा पडल्यावर सरळ पाय उचलताच येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दम लागला असेल तर रात्रीचे किती वाजले आहेत ते पाहू नका.

पहिल्या आठवड्यात मामींच्या फरशीवर खडूच्या सहा रेघा एकमेकींना चिकटून होत्या. सातवी तर उलट पुढे आली. त्या दिवशी त्या रडल्या आणि मला बोलावणे आले. गुडघा सुजला होता. आदल्या दिवशी उत्साहाने त्यांनी दहा वेळांऐवजी तीस वेळा केले होते. निम्म्यावर आणले. दुसऱ्या आठवड्यात रेघांमध्ये बोटभर अंतर पडू लागले. तीन आठवड्यांनी मोजले तेव्हा ९२ अंश भरले. सर्जन म्हणाले, आता भूल द्यायची गरज नाही, असेच चालू ठेवा.

श्रावणातला पहिला आणि दुसरा सोमवार हुकला. तिसऱ्या सोमवारी मामी महादेवाच्या अकरा पायऱ्या कठडा धरून चढल्या. उतरताना सातव्या पायरीवर पाच मिनिटे बसल्या, घाबरून की थकून, हे त्यांनी मला सांगितले नाही. आता त्या दवाखान्यात येतात तेव्हा मुलगा स्कूटर लावेपर्यंत आत आलेल्या असतात. जेवायला पाटावर बसता येत नाही ही तक्रार चालू आहे. ते मी सर्जनना विचारायला सांगितले आहे.